दोन चौकांमधले पंचेचाळीस सेकंद

चोपड्यात रेल्वे येत नाही. त्यामुळे ‘सिग्नल’ हा शब्द लहानपणी आम्हाला अमळनेरचा नाहीतर धरणगावचा वाटायचा. तापी ओलांडून पलीकडं गेलं की सुरत–भुसावळ लायनीवर दिसणारी वस्तू म्हणजे सिग्नल. रस्त्यावरचा, तीन दिव्यांचा सिग्नल जळगावात दिसायचा, पण तिथंही एका चौकातला दिवा पुढच्या चौकातल्या दिव्याला ओळखतो का, असा प्रश्न काही कुणाला पडत नसे. आता तो प्रश्न माझ्या पगाराचा भाग आहे. पुण्यात मी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते, आणि त्यातला एक तुकडा शहरातल्या सिग्नलांची वेळ एकमेकांशी जुळवण्याचा आहे.

हे प्रकरण ऐकायला वाटतं त्यापेक्षा जुनं आणि सोपं आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९१७ साली सहा चौकांचे दिवे एकत्र जोडले गेले, आणि ते हातानं चालवायचे. तत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक सिग्नलची एक सायकल असते, म्हणजे हिरवा-पिवळा-लाल होऊन पुन्हा हिरवा यायला लागणारा वेळ. सगळ्या चौकांची सायकल सारखी ठेवायची आणि पुढच्या चौकाचा हिरवा थोडा उशिरा सुरू करायचा. या उशिराला ऑफसेट म्हणतात. तो काढायचं गणित पाचवीतलं आहे: अंतर भागिले वेग. दोन चौकांत ४५० मीटर असतील आणि गाड्या ताशी ३६ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १० मीटरनं येणार असतील, तर पुढचा हिरवा ४५ सेकंदांनी लागला पाहिजे. मग पहिल्या चौकातून सुटलेला जथा दुसऱ्या चौकात न थांबता निघून जातो. याला ग्रीन वेव्ह म्हणतात, हिरवी लाट.

गोची परतीच्या दिशेत आहे. लाट एकाच बाजूला सोडायची तर कुठलंही अंतर चालतं. दोन्हीकडून सोडायची असेल, तर जाण्याचा आणि येण्याचा वेळ मिळून एक पूर्ण सायकल भरावी लागते. ९० सेकंदांची सायकल आणि ४५० मीटर अंतर, हे त्या अर्थानं नशीबवान गणित. तेच चौक ३०० मीटरवर असतील, तर जाणारा सुखात जातो आणि येणाऱ्याला तीस सेकंद लाल दिव्यासमोर उभं राहावं लागतं. म्हणजे सिग्नल लावण्याच्या कितीतरी आधी, रस्ते आखले गेले त्या दिवशीच अर्धा निकाल लागलेला असतो. आमच्या शेजारच्या धुळ्यात ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१८ नंतर खानदेशाचं मुख्यालय आणलं आणि नवी पेठ सरळ रेषांत आखली. धुळ्याच्या समांतर, नंबर घातलेल्या गल्ल्या नकाशावर बघितल्या की माझ्यासारखीला उगाच आनंद होतो. चोपडा तसं आखलेलं गाव नाही. चोपड्याचे चौक बाजारानं आणि रस्त्यांनी आपापल्या सोयीनं ठरवले: शिरपूरकडून येणारा, यावलकडं जाणारा, तापीकडं उतरणारा, सातपुड्याकडं चढणारा.

सिग्नल जुळवावेत अशी त्यांची रांग चोपड्यात नाही. तरीही मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आमच्याच रस्त्यावर हे करून बघितलं. गिऱ्हाईक नाही, डेडलाइन नाही, आणि प्रत्येक दुकान तोंडपाठ. जीआयएस म्हणजे नकाशाचे थर. एका थरात रस्त्याच्या मधल्या रेषा, दुसऱ्यात चौक, तिसऱ्यात इमारती, आणि प्रत्येक रेषेला चिकटलेली माहिती: किती रुंद, किती पदरी, एकेरी की दुहेरी. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर जगभरातले हौशी लोक रस्ते काढत असतात. २००४ साली सुरू झालेला हा प्रकल्प म्हणजे नकाशांचा विकिपीडिया. तालुक्याच्या गावांचे रस्ते त्यावर बऱ्याचदा उपग्रहाच्या फोटोवरून, गाव कधीही न पाहिलेल्या माणसानं काढलेले असतात. रेघा मात्र सुबक असतात.

अंतर मोजण्यात जीआयएस फार शहाणं आहे. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, म्हणून प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळं प्रक्षेपण वापरतात. आपला पट्टा ४३ नंबरचा. त्याची मधली रेषा ७५ अंश रेखांशाची, चोपड्याच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवरून जाणारी. या प्रक्षेपणात मोजलं, तर ४५० मीटरमागे सुमारे १८ सेंटिमीटरचा फरक पडतो. एवढी एक वीतभर चूक. ती सुधारायचीही सोय आहे.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ला टेकतो. स्टॉप लाइनवर उन्हात कोण उभं राहील? मोटरसायकलवाला पंचवीस-तीस मीटर अलीकडं, जिथं लिंबाची सावली पडते तिथं थांबतो. त्याच्यामागचाही तिथंच. पुढं रस्ता रिकामा आणि मागं रांग. हिरवा लागला की सगळे तिथून सुटतात, आणि स्टॉप लाइन ओलांडायलाच त्यांचे पाच-सहा सेकंद जातात. नागपुरात तर उन्हाळ्याच्या दुपारी काही सिग्नल बंदच ठेवतात, लोकांनी तापत उभं राहू नये म्हणून. वीतभर चुकीसाठी प्रक्षेपण तपासणाऱ्या कुठल्याही फाइलमध्ये मी झाडाच्या सावलीचा थर पाहिलेला नाही. खानदेशात तो लागतो, आणि सूर्याबरोबर सरकतो म्हणून तासातासाचा वेगळा लागतो.

मोठ्या शहरांत यावर उपाय म्हणून सिग्नलला डोळे दिले. ब्रिटनमध्ये स्कूट आणि सिडनीत स्कॅट्स या पद्धती १९७०च्या दशकात आल्या. रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी गाडी आली-गेली ते ओळखतात आणि संगणक वेळ बदलतो. मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या नागरी परिवहन प्रकल्पात अडीचशेवर चौक अशा यंत्रणेला जोडले गेले. आपल्याकडची वाहनं लेनमध्ये चालत नाहीत हे गृहीत धरून सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं ‘कोसिकॉस्ट’ ही पद्धत बनवली, ती पुण्यातही वापरली गेली. पुढं पुण्यात स्मार्ट सिटीच्या योजनेतून सव्वाशेच्या आसपास चौकांत नवी यंत्रणा बसवली, आणि तिच्यावर वर्तमानपत्रांत भरपूर वाद झाले. मला यातल्या कुणाची बाजू घ्यायची नाही. एवढंच सांगते, की रस्ता खोदला की वेटोळं तुटतं, आणि आपल्याकडं रस्ता खोदला जातोच. शिवाय वेटोळं स्टॉप लाइनजवळ असेल आणि लोक सावलीत थांबले असतील, तर यंत्राच्या हिशेबी तिथं कुणीच उभं नसतं.

चोपड्याची फाइल तयार झाली तेव्हा ती मी नानांना दाखवली. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चोपडा डेपोतून एस.टी. चालवून निवृत्त झालेले. स्क्रीनवर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी निळी रेघ होती. चष्मा वर-खाली करत त्यांनी विचारलं, “ह्या दोन चौकस्ना मझार काय शे?”

मी म्हटलं, “रस्ता.”

“ते दखास. पन मझार काय शे?”

मग त्यांनी बोटानं रेघेवर टकटक करत एकेक सांगायला सुरुवात केली. इथं पेट्रोल पंप, गाड्या उलट्या बाजूनं घुसतात. इथं शाळेचं गेट, पावणेअकराला आणि साडेपाचला रस्ता बंद समजायचा. इथं लोटगाड्या, सकाळी दोन असतात, संध्याकाळी दहा. इथं कालीपिलीवाला सीट भरेपर्यंत हलत नाही. आणि स्टँडच्या गेटाशी एस.टी. आत घ्यायची तर आधी उजवीकडं झोल घ्यावा लागतो, तेव्हा दोन्ही बाजूंचं सगळं थांबतं. “कंडक्टर खाली उतरीसन शिट्टी मारे, तोच सिग्नल,” नाना म्हणाले.

त्यांना ठाऊक नव्हतं, पण ज्याला आमच्या धंद्यात प्लाटून डिस्पर्शन म्हणतात त्यावरच ते बोट ठेवत होते. हिरवी लाट एका गोष्टीवर उभी असते: पहिल्या चौकातून सुटलेला जथा दुसऱ्या चौकात जथा म्हणूनच पोचेल. तो वाटेत किती विरतो याचं सूत्र १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये बसवलं गेलं, ट्रान्झिट नावाच्या प्रोग्रॅमचा तो गाभा आहे. त्यात विरण्याचं प्रमाण एका आकड्यानं भरायचं असतं. तो आकडा कुठून आणायचा, हा खरा जीआयएसचा प्रश्न आहे. त्यासाठी रेघेची लांबी पुरत नाही, नानांच्या बोटाखालचा ऐवज लागतो: गेटं, थांबे, लोटगाड्या आणि त्यांचं घड्याळ.

त्या दुपारी मी आणखी एक गणित मांडलं, आणि ते मला अजून सोडत नाही. तीच ४५० मीटरची रेघ, ४५ सेकंदांचा ऑफसेट, ९० सेकंदांची सायकल, आणि पुढच्या चौकात हिरवा ४५ सेकंद. मोटरसायकल ताशी ३६नं गेली, हिरवा मिळाला. आता कापूस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली घ्या, ताशी १८नं जाणारी. तिला ९० सेकंद लागतात. म्हणजे ती पुढच्या चौकात पोचते नेमकी त्या क्षणी, जेव्हा ४५ सेकंदांचा हिरवा संपून लाल लागतो. पहिल्या चौकातून अगदी सुरुवातीला सुटली तरी. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोराचंही तेच. आम्ही वेळ जुळवतो ती कुणाशी तरी, आणि ती ज्याच्याशी जुळत नाही त्याच्याशी ती रोज, प्रत्येक फेरीला, अचूकपणे जुळत नाही. न जुळवलेल्या सिग्नलवर ट्रॅक्टरवाल्याला निदान कधीमधी नशीब साथ देतं.

वाहनं मोजण्याचं कोष्टकही असंच बघण्यासारखं आहे. सगळी वाहनं एका मापात आणायला कार म्हणजे एक धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटरसायकल अर्धी, बस किंवा ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ आहे. बैलगाडी बसपेक्षा जड नाही, पण ती मागच्यांना जेवढं अडवते त्याचं हे माप आहे. कोष्टक चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, रस्त्याची क्षमता काढायला ते लागतंच. पण ते नानांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ ‘बस तीन’वर अडले. पंचावन्न माणसं भरलेली आणि डेपोत रिकामी परत निघालेली, दोन्ही तीनच? मग म्हणाले, “गाडी कितली भरेल शे ते तुन्हा सिग्नलले समजस का?”

नाही समजत. सिग्नलच्या वेळांचं जे सूत्र आम्ही कॉलेजात शिकलो, ते वेबस्टरनं १९५८ साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत मांडलं. दर वाहनामागचा सरासरी खोळंबा कमीत कमी करायचा, हा त्याचा हेतू. वाहनामागचा, माणसामागचा नव्हे. एस.टी.तली पंचावन्न माणसं आणि कारमधला एकटा या सरासरीत एकेकच मोजले जातात. आणि जो पायी आहे तो सरासरीत येतच नाही. त्याला फक्त किमान वेळ द्यायचा असतो.

ती किमान वेळ आम्ही मोजून बघितली. स्टँडसमोरचा रस्ता नकाशावर मोजला तर साधारण चौदा मीटर भरतो. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची रीत आहे, म्हणजे बारा सेकंद. नानांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. निवृत्तीनंतरही ते रोज संध्याकाळी स्टँडवर चहाला जातात, जुने ड्रायव्हर-कंडक्टर तिथं भेटतात. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि त्यांच्या बाजूनं चालले. मधे एका मोटरसायकलला हात दाखवून थांबवलं तो वेळ धरून एकोणीस सेकंद लागले. पलीकडं पोचल्यावर त्यांनी विचारलं, “पास का नापास?”

बाराच्या हिशेबात नापास. सात सेकंद म्हणजे किरकोळ वाटतात, पण ते कुठून काढायचे ते बघा. चौक ३०० मीटरवर असतील आणि लाट दोन्हीकडून हवी असेल, तर सायकल ६० सेकंदांची ठेवावी लागते. त्यातले पिवळ्याचे आणि सगळीकडं लाल ठेवण्याचे दहा गेले. उरलेल्या पन्नासातले एकोणीस मुख्य रस्ता ओलांडणाऱ्यांना दिले, तर मुख्य रस्त्याला एकतीस राहतात. बारा दिले, तर अडतीस. सायकल ९०ची केली तर नानांना हवा तेवढा वेळ मिळतो, पण लाट एका बाजूनं तुटते. सॉफ्टवेअर हे सगळं क्षणात काढून देतं, हिरवे-लाल पट्टे आखून सुंदर आलेख दाखवतं. एकोणीस घ्यायचे की बारा, हे ते विचारतं. त्या चौकटीत आधीच बारा भरून ठेवलेले असतात, आणि घाईत असलेला माणूस एंटर दाबून पुढं जातो. मी दोन्ही पर्याय चालवून बघितले आणि माझ्यापुरता निर्णय केला: स्टँडसमोर लाट तुटली तरी चालेल. केळीचा ट्रक रावेरहून निघून दिल्लीला चाललेला असतो, त्याला चोपड्यात अर्ध्या मिनिटानं काही होत नाही.

हे मी हळवेपणानं म्हणत नाही. गावातून हायवे गेला की काय होतं ते जळगावनं बघितलंय. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या मधून जातो, आणि त्यावर माणसं मेली म्हणून लोकांनी समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं केली. अशा रस्त्यावर नुसती लाट जुळवली, तर ट्रक न थांबता जातील, धूर कमी होईल, अहवाल चांगला दिसेल. पण न थांबणाऱ्या ट्रकांच्या जथ्यात रस्ता ओलांडायला फट कुठं मिळणार? एवढं मात्र लाटेच्या बाजूनं सांगायला हवं, की तिचा वेग आपण ठरवू शकतो. ताशी ३६ऐवजी २५ला जुळवली, तर पुढं पळणाऱ्याला प्रत्येक चौकात लाल मिळतो आणि हळू चालणारा आरामात जातो. गतिरोधकापेक्षा हे कमी खर्चाचं. कंबरही वाचते. पण तो वेग कुणीतरी जाणून-बुजून निवडावा लागतो.

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता मोठा होण्याच्या चर्चा मी कळती झाल्यापासून ऐकते आहे. तो कधीतरी होईल, आणि त्याच्या मागोमाग चोपड्यातही सिग्नल येतील. त्यांच्या वेळा चोपड्यात बसून ठरणार नाहीत. कुठल्यातरी शहरात, एसीमध्ये, माझ्यासारखीच कुणीतरी गावाची फाइल डाउनलोड करेल आणि जेवायच्या सुट्टीआधी काम संपवेल. तिला दोन ठिपके आणि निळी रेघ दिसली, तर ती दोन ठिपके आणि निळ्या रेघेचं गणित करेल. त्यात तिचा काही दोष नसेल.

म्हणून मी सध्या रेघेच्या मधलं भरते आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत, आणि मोबाइलवरूनही बदल करता येतात. स्टँडची आत जायची आणि बाहेर यायची गेटं वेगवेगळी टाकली. शाळांची गेटं टाकली. लोक प्रत्यक्षात जिथून रस्ता ओलांडतात त्या जागा टाकल्या. पट्टे रंगवलेले नसले तरी तिथं ‘पट्टे नसलेलं क्रॉसिंग’ अशी नोंद करता येते. झाडं टाकली, एकेक, आणि लिंब कुठला नि चिंच कुठली तेही. सार्वजनिक नकाशात न बसणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे लोटगाड्या, शाळा सुटायच्या वेळा आणि नानांचे एकोणीस सेकंद यांसाठी माझ्याकडं वेगळी फाइल आहे. ती कुणी मागितली तर द्यायची आहे. अजून कुणी मागितलेली नाही.

आठवडे बाजाराचा थर अजून राहिला आहे. त्या दिवशी रस्त्याची रुंदी दर तासाला बदलते, त्यामुळे एकदा फिरून भागणार नाही. पुढच्या वेळी आले की बाजाराच्या दिवशी सकाळी सातला निघू, असं मी नानांना फोनवर सांगितलं.

“सातले नको,” ते म्हणाले. “पाचले ये. सातले रस्ता ऱ्हास कोठे?”